केटीच्या रायफलची नळी

प्रिय आत्या,

काल शेजारच्या केटीच्या आईचा मेसेज आला. केटी शूटिंग सोडतेय म्हणे. तिची एअर रायफल अजून तुझ्या गॅरेजमध्ये उघडी पडलीय, ती तिथेच राहू दे, परत नको. तू जाऊन तीन आठवडे झाले, मी धड रडलोही नव्हतो. मेसेज वाचला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसलो. तुला एक सांगायचं राहिलंय गं.

पण आधी भांडायचंय. कॉलेज सोडून चार वर्षं भटकलो, वायोमिंगमध्ये घोड्यांची लीद उपसली (तिथला एक घोडा फक्त मराठी शिव्या ऐकायचा, खरंच! असो) आणि शेवटी इथे कॅरी गावात तुझ्या दारात आलो. तू गरम पोळी वाढलीस आणि गॅरेजमध्ये निघून गेलीस. का? तर केटी रायफल घेऊन सरावाला येणार होती. सोळा वर्षांची पोरगी, तुला चक्क 'आट्या' म्हणायची! आत्या तर फक्त माझी होतीस ना?

तिचा गाल नीट टेकावा म्हणून तू रायफलच्या दस्त्यावर केसाएवढी कानस फिरवायचीस. ट्रिगर हलका करायचीस. छर्रे एकेक वजन करून निवडायचीस. आणि मला काय? "मन्या, सरक जरा, उजेड अडवतोयस." माझं काही कधी इतकं बारीक मोजलंस का गं?

म्हणून मी ते केलं. मॅचच्या आदल्या दिवशी तू डॉक्टरकडे गेलीस, तेव्हा मी तिच्या रायफलची नळी आतून लख्ख पुसली. छर्रे मारून मारून नळीत शिशाचा पातळ थर बसतो. तो पुसला की पुढचे वीस-तीस छर्रे भलतीकडे जातात. तूच शिकवलं होतंस. मॅचच्या तोंडावर नळीला हात लावायचा नाही, हेही.

केटी हरली. गाडीत हुंदके देत होती, मीच भिकार म्हणून. "आय सक, आट्या!"

"नो राणी, इट्स नॉट यू. रायफलमध्येच काहीतरी खोट आहे."

घरी आणून तपासलीस, तर सगळे छर्रे एकाच भोकातून! जाणारच, मॅचमध्येच थर पुन्हा बसला होता. तू चक्रावलीस. "इथे बरोबर, तिथे चूक? म्हणजे रेग्युलेटर." दर वेळी सारख्याच दाबाने हवा सोडणारा तो भाग तू उघडलास. वॉशर घासलेस, बदललेस, जोडलास, पुन्हा उघडलास. केमोने बोटं बधिर झाली होती, म्हणून मला हाक मारलीस.

आणि आत्या, ते बारा दिवस! मी स्क्रू धरायचो, वेग मोजायच्या यंत्रावरचे आकडे मोठ्याने वाचायचो.

"पाचशे बहात्तर. पाचशे एकाहत्तर. पुन्हा बहात्तर!"

"शाब्बास. शाळेत एवढं वाचलं असतंस तर?"

"शाळेत तू कुठे होतीस?"

किती हसलो आपण! बाहेर गाड्यांवर पाइनचा पिवळा पराग साचत होता, केटी रुसून घरी बसली होती, आणि तू अख्खी माझी होतीस. खरं सांगितलं असतं तर ते दिवस तिथेच संपले असते. म्हणून गप्प बसलो.

शेवटी तू टेबलापासून उठलीस. "खोट सापडत नाही रे. माझाच हात गेला बहुतेक."

आणि मी काय म्हणालो? "आराम कर." बस्स! तुझा हात शाबूत होता गं, शेवटपर्यंत. ते मनात घेऊनच गेलीस ना तू?

आज सकाळी रायफल जोडली. पन्नास छर्रे मारले, आकडा इकडचा तिकडे हलला नाही. दस्ता मात्र माझ्या गालाला कुठूनच बसेना. तिच्यासाठीच घासलास तो. अजून जळतो मी, तुझ्यापासून काय लपवायचं?

उद्या तिची शाळा सुटली की रायफल घेऊन जाईन. आधी नळीचं सांगेन, मग रायफल देईन. उलट केलं तर मी पळ काढेन, मला ओळखतेस तू. ती तोंडावर दार आपटेल, आपटू दे. पण तिचा नेम चुकला नव्हता आणि तुझा हातही, हे तिला माझ्या तोंडून कळेल. शब्द देतो.

तुझाच (आणि थोडा तिचाही भाऊ, नाइलाजाने),
मन्या