माझ्या हाडांची आणि गोठवलेल्या बीजांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी अंतराळप्रवास व सध्या गुडघ्यांची मनधरणी, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायला धाकटा भाऊ आला होता. त्याला चहा पाजून वाटेला लावले.

१. व्यायामाची सायकल भावाला. मी अंतराळातून परतले तेव्हा "आता हिला पोरं कशी व्हायची?" ही काळजी त्याने साऱ्या गोतावळ्यात वाटली. आयुष्यभर बसून तोंड चालवले, आता बसून पाय चालवावेत.

२. अंतराळात हाडे किती झिजली ते बघायला मला तिकडे पाठवणाऱ्या संस्थेला माझा सांगाडा हवा आहे. खुशाल न्यावा. मात्र उचलायला मुख्य डॉक्टरांनी जातीने यावे. हीच हाडे दुखतात म्हणून मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा साहेबांना वेळ नव्हता.

३. उड्डाणाआधी संस्थेने माझी स्त्रीबीजे काढून गोठवली. नियमच तसा होता. पुरुषांना एक डबी आणि बंद खोली, मला सुया, गुंगी आणि "घाबरू नका, बाई." आता ती बीजे लांबच्या यानावर नेऊन तिथेच मूल जन्माला घालायचा बेत आहे. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या बाळाचं नाव इतिहासात जाईल." मी म्हटले, "आणि बाळ कुठे जाईल?" तिथे वाढलेले मूल जमिनीवर उभे राहील का, हे त्यांनाही ठाऊक नाही. संस्थेला एकही बीज देऊ नये.

४. पण त्याच यानावर माझी भाची ठमी निघाली आहे. तिची स्वतःची बीजे आजारपणात गेली. "मावशी, संस्थेसाठी नाही गं, मला आई व्हायचंय," म्हणाली. मी भांडले, तिला वेडी म्हटले, मग दोघी रडलो. माझे मत अजूनही 'नाही' असेच आहे. तरी माझ्या शरीराचे निर्णय दुसऱ्यांनी घेतले तेव्हा मला फार राग आला होता. बीजे ठमीला द्यावीत. पुढचे तिने ठरवावे.

५. या सगळ्याला सर्वांची संमती आहे, फक्त बाळाची नाही. म्हणून माझे घर त्या बाळाच्या नावे. मूल न झाल्यास ठमीला. यान परतेपर्यंत घर विकू नये. पायऱ्या फोडून उतार करावा, दारे रुंद करावीत, पलंग खालच्या खोलीत लावावा. इथे राहायचे की पुन्हा वर जायचे, हे मात्र त्या बाळालाच विचारावे. तोवर त्याला कोणी काही विचारलेले नसेल.

सही: मावशी
साक्षीदार: शेजारची शिंपीण
साक्षीदार: घरचे डॉक्टर (बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. शांत मुळीच नाहीत.)
स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ठमी निघण्याआधीचा रविवार