आडव्या पट्ट्याच्या कोंबड्या

सेमोनकोंग,
जुलै, ऐन हिवाळा, रस्ता बंद असताना

आदरणीय आत्याबाई,

तुमच्या थोरल्या सुनेचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? खाली माफेतेंगला ऊन असतं, तेव्हा बराच असेल असं धरून चालते, पण नसला तरी कळवा, म्हणजे आम्हाला इथे तुमच्याविषयी बोलायला काहीतरी होईल (चांगलंच बोलतो. निदान मी तरी). आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी, सासूबाई, म्हणजे आई, आणि कोंबड्या. हे अजून ब्लूमफाँटेनकडेच ट्रक चालवतायत आणि फोनवर काहीही विचारलं तरी 'आईला विचार' एवढंच म्हणतात. बर्फ इतका पडलाय की सकाळी दार उघडायला आधी दाराला लाथ मारावी लागते. आई म्हणतात, ती सुनेनं मारायची असते.

ईस्टरला त्सेकोभावजी आले होते, ते तुमच्या कानावर असेलच. धाकटा मुलगा म्हणून त्यांना आईची काळजी वाटते आणि मासेरूच्या ऑफिसात बसतात म्हणून ती ते मोठ्यानं बोलून दाखवतात. जाताना आईंना सांगून गेले, की या हिवाळ्यात तुझं कसं निभतं ते बघू, नाहीतर तुला कायमचं मासेरूला घेऊन जाऊ. तिथे त्यांच्या दोन खोल्या आहेत, दुसऱ्या मजल्यावर. घरात नळ आहे, हीटर आहे आणि कोंबड्या पाळायला बंदी आहे. आईंनी यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. तेव्हापासून त्यांनी ठरवून टाकलं, की हिवाळ्याची परीक्षा त्यांची नसून कोंबड्यांची आहे. एकही थंडीनं मरता कामा नये आणि बाजारात त्या अशा विकल्या गेल्या पाहिजेत की त्सेकोनं मूग गिळून बसावं.

आता थंडीत आपल्या कोंबड्यांचं काय होतं ते तुम्ही जाणताच. अंडी बंद, चालणं बंद, नुसत्या भिंतीला टेकून आपल्याकडे असं बघतात जणू हा बर्फ आपणच पाडलाय. आईंना ते बघवेना. एका सकाळी मी पाणी घेऊन आले तर त्या चुलीपाशी कात्री घेऊन बसलेल्या, आणि मांडीवर तुम्ही दिलेलं ब्लँकेट. हो, तेच. लाल, कणसांच्या नक्षीचं, लांब पट्ट्यांचं, आमच्या लग्नात तुम्ही सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर घातलेलं. (आत्याबाई, रागावण्याआधी एवढं लक्षात घ्या, की घरात चार ब्लँकेटं होती आणि त्यांनी सगळ्यांत उबदार कोणतं ते बरोबर ओळखलं.) मी म्हटलं, 'आई, अहो हे काय?' तर म्हणाल्या, 'मला एकटीला पुरतं, त्यांना सगळ्यांना पुरेल.' मी पाणी खाली ठेवलं आणि ब्लँकेटचं दुसरं टोक धरून बसले.

शिवायला दिलं शेजारच्या माखोत्सोला. तिच्याकडे हातमशीन आहे आणि कापड वाया जाऊ नये अशी तिची जन्माची शपथ आहे. तिनं कोंबडीची पाठ मोजली, मान मोजली, पंखांना फटी ठेवल्या, गळ्याशी बटण लावलं. कोंबड्या आधी एकाच जागी गोल फिरल्या, मग आडव्या पडल्या, आणि दुपारपर्यंत त्यांना कळलं की आपल्याला बरं वाटतंय. मग मात्र त्या अंगणात अशा चालायला लागल्या की जणू सरदाराच्या बैठकीला निघाल्यात. आमचा कोंबडा तर ब्लँकेट घातल्यापासून आरवेनासाच झाला, नुसता खाकरतो.

सेमोनकोंगच्या बाजाराच्या दिवशी आम्ही त्या घोड्यावर लादून नेल्या. गर्दी म्हणाल तर अशी, की दुकानदार दुकान सोडून बघायला आला. बाया हसून हसून बसल्या. मास्तरीणबाईंनी दोन बाजूला काढून ठेवायला सांगितल्या. आई ताठ बसल्या होत्या, तुमच्या घराण्यातल्या बायका बसतात तशा. आणि तेवढ्यात म्हातारा फाको काठी टेकत आला. त्यानं एक कोंबडी उचलली, इकडून बघितली, तिकडून बघितली आणि म्हणाला, 'बाई, पट्टा आडवा आहे की गं.'

आत्याबाई, तुम्हाला आठवतच असेल. लग्नानंतर पहिल्यांदा ब्लँकेट पांघरलं तेव्हा माझाही पट्टा आडवा गेला होता, आणि तुम्हीच भर अंगणात मला गरकन फिरवून सांगितलं होतं, की पट्टा उभा तर माणूस वाढतं, आडवा तर वाढ खुंटते. माखोत्सोनं कापड वाचवायला सगळ्या कोंबड्यांचे पट्टे आडवे घेतले होते! मास्तरीणबाईंनी हात मागे घेतला. बाकीच्या बायाही अशा सरकल्या, जणू आजार लागेल.

'अरे, तुला ती खायचीय की वाढवायचीय?' आईंनी फाकोला विचारलं.

'खायचीच. पण वाढल्यावर.'

'तुझ्या ब्लँकेटचा पट्टा जन्मभर उभा आहे, तू कुठे वाढलास?'

यावर लोक हसले, पण विकत कुणीही काही घेतलं नाही. (फाको खरंच माझ्या खांद्याला लागतो.) आम्ही परत निघालो. मध्येच घोडा थांबवून आईंनी एकेक कोंबडी नीट न्याहाळली आणि हळूच म्हणाल्या, 'लहानच दिसतायत गं.' आत्याबाई, त्या कालही तेवढ्याच होत्या. पण एकदा डोळ्यांत आडवा पट्टा शिरला की आभाळसुद्धा आखूड दिसायला लागतं.

घरी आल्यावर त्यांनी सगळा जीव मधमाश्यांवर वळवला. संस्थेनं आपल्याला मधमाश्यांची पेटी दिली होती ना, शिकवणीला जाऊन आई झोपल्या होत्या ती. उरलेलं कापड त्यांनी स्वतः पेटीला गुंडाळलं, पट्टा अगदी उभा, चार वेळा तपासून. तरी समाधान होईना. मोठा बर्फ येणार असं आभाळ दिसलं तेव्हा म्हणाल्या, त्यांनाही जीव आहे, आणि पेटी उचलून थेट चुलीच्या झोपडीत, कोंबड्यांच्या शेजारी आणून ठेवली. मी म्हटलं, शिकवणीत असं सांगितलं नसेल. त्या म्हणाल्या, 'सांगितलं असतं तर मी जागी झाले असते.'

शेणीचा जाळ चांगला पेटला. झोपडी उबदार झाली. मधमाश्यांना वाटलं, वसंत आला. आणि नेमके त्याच घडीला, त्या बर्फानं रस्ता बंद व्हायच्या आत बघून जावं म्हणून, त्सेकोभावजी पिकअप घेऊन दारात उभे. अंगात ऑफिसचा सूट, केसांना गोड वासाचं तेल.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण घडलंही थोडक्यातच. भावजी आत आले. मधमाश्यांना त्या सगळ्या हिवाळ्यात दिसलेलं पहिलं फूल म्हणजे त्यांचं डोकं. आई चुलीपाशी बसलेल्या, त्यांच्या डोक्याच्या रुमालावर माश्यांचा घोस लटकलेला, आणि त्या शांतपणे म्हणाल्या, 'ये, बस. चहा घे. हलू नकोस.' भावजी हलले. भिंतीवरची भांडी पडली, कोंबड्या ब्लँकेटांसकट बाहेर बर्फात पळाल्या, भावजी त्यांच्यामधून पळाले आणि पिकअपमध्ये शिरून काचा लावून बसले. (आत दोन-तीन माश्या होत्याच. काचेतून दिसत होतं.)

मग मायलेकरांचं बोलणं काचेतून झालं. मी बाहेर बर्फात उभी. भावजी ओरडत होते, 'बस्स झालं! आता घरच्यांना बोलावून बैठक घेतो आणि तुला घेऊन जातो!' आई कानामागे हात धरून, 'काय? तेल कुठलं लावलंस?' तेवढ्यात एक कोंबडी पिकअपच्या बॉनेटवर चढली. भावजींनी मान वर करून समोरच्या काचेतून तिच्याकडे बघितलं, आणि आत्याबाई, एवढे शिकलेले, सरकारी शिक्के मारणारे आपले भावजी, त्यांचा चेहरा पांढरा पडला. 'आई,' ते म्हणाले, 'यांचे पट्टे आडवे आहेत!' माश्या चावल्या तेव्हा घाबरले नव्हते तेवढे तेव्हा घाबरले. लगेच गाडी वळवून निघून गेले.

आईंनी जाळावर पाणी ओतलं, दार सताड उघडं टाकलं. गारठा आत आला तशा माश्या हळूहळू पेटीत परतल्या. काही नाही परतल्या, त्या आईंनी सुपलीत गोळा केल्या. नंतर आई एकेका कोंबडीचं बटण काढत बसल्या. मला विचारलं, 'यातली कोणती तू ठेवशील?' मी म्हटलं, 'का?' तर म्हणाल्या, 'तिथे दुसऱ्या मजल्यावर पट्टा उभा घातला काय नि आडवा काय, बघणार कोण.'

तर असं आहे. भावजींनी फोनवर कळवलंय, बैठक रस्ता उघडल्यावरच्या पहिल्या रविवारी आहे. आई गेल्या तर एका परीनं बरंच. मला झोप लागेल, त्या घोरतात. लापशीत मीठ माझ्या मनासारखं पडेल. दाराला लाथ कुणी मारायची यावर रोज वाद होणार नाही. भांडायलाच कुणी नसेल. तब्येतीला जपा.

तुमची आज्ञाधारक सून,
मातुमेलो

ता.क. हे पत्र घोड्यावरून खाली जाणाऱ्याच्या हाती देतेय. रस्ता उघडला की मासेरूहून येणारी बस दुकानापाशी थांबते. मी घोडा घेऊन उभी राहीन. गुडघ्याची सबब चालणार नाही.

ता.क. आणखी एक. आत्याबाई, बैठकीत सुनेनं बोलायचं नसतं. हे फोनवर 'आईला विचार' म्हणतील. तुम्ही बसल्याशिवाय त्सेकोभावजी बसत नाहीत आणि तुम्ही नाही म्हटलंत तर त्यांची उठायचीही छाती होणार नाही. त्यांना आधी कुंपणापाशी एकटं गाठा आणि नाही म्हणून सांगा. आईंना हे पत्र लिहिलेलं माहीत नाही. तुमच्यापुढे हात पसरण्यापेक्षा त्या मासेरूच काय, समुद्रापर्यंत जातील.

ता.क. शेवटचं, आणि हे नीट वाचा. त्या मनानं निघाल्यात. नुसतं भावजींना अडवून भागणार नाही. म्हणून आईंना मात्र सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगा, की तू थकलीस, तुला आता जमत नाही, गपगुमान लेकाकडे जा. तुम्ही सांगितलेलं त्यांनी आजवर एकदाही ऐकलेलं नाही.