चौदा नावांचं कापड

२ मार्च, सकाळी

नवी वही सुरू केली. जुन्या वहीत सगळे संकल्प साखर सोडण्याचे होते, म्हणून ती कपाटात खाली ठेवली.

मोठी बातमी. बारकी डोंगर चढणार. बारकी म्हणजे दादाची मुलगी. सतरा वर्षांची, माझ्यापेक्षा वीतभर उंच, पण घरात अजून बारकीच. आमच्या गल्लीच्या टोकाला आईवडील नसलेल्या मुलींचं वसतिगृह आहे, तिथे ती दर शनिवारी गणित शिकवायला जाते. तिथल्या चौदांपैकी चार मुलींची शाळा यंदा संपते आणि पुढे शिकायची सोय नाही. हिनं डोंगर चढायचा आणि लोकांनी त्यासाठी देणग्या द्यायच्या, असा बेत आहे.

वहिनी म्हणाली, खूळ आहे. दादा म्हणाला, आणि ते आत्याकडून आलंय. मी नाही म्हटलं नाही. चौदाव्या वर्षी कॉन्व्हेंट शाळेच्या सहलीत मी डोंगरमाथ्यावर सगळ्यांत आधी पोहोचले होते, बाकीच्या मुली आणि सिस्टर मागून धापा टाकत येत होत्या. लहानपणी ही गोष्ट ऐकल्याशिवाय बारकी घास गिळायची नाही.

५ मार्च

देणगीदारांना पाठवायचं पत्र बारकीनं लिहून आणलं. पहिली ओळ अशी: माझी आत्या चौदाव्या वर्षी डोंगराच्या माथ्यावर उभी होती, हे मी ऐकलं तेव्हापासून मला वाटतं की मुलींना वर जाता येतं.

डोळे भरून आले. बाकीच्या मजकुरात शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या. पहिल्या ओळीला हात लावला नाही.

सगळी पत्रं मी हातानं लिहिणार. छापील पत्र कोण वाचतं? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये अक्षरासाठी वेगळा तास असायचा. सिस्टर पाठीमागे उभ्या राहायच्या, त्यांच्या हातांना साबणाचा वास यायचा, आणि अक्षर रेघेखाली गेलं की पट्टी हलकेच टेकवायच्या.

आणखी एक ठरवलं. मीही डोंगरावर जाणार. निदान पहिल्या मुक्कामापर्यंत. जमलं तर पुढेही.

९ मार्च

सराव सुरू. रोज जिन्यानं पाचवा मजला. आज दुसऱ्यापर्यंत गेले. तिथे शिवणकाम करणारी शेजारीण दारात उभी होती. माणूस समोर दिसल्यावर न बोलता पुढे जाणं मला जमत नाही. चाळीस मिनिटं बोललो. पुढे लिफ्ट.

१७ मार्च

बूट घेतले. दुकानदार म्हणाला, बाई, आधी घरातल्या घरात घालून फिरा. फिरले. सोफ्यापर्यंत आणि परत. परत येताना सोफ्यावर जरा जास्त वेळ लागला.

२८ मार्च

साठ पत्रं झाली. उत्तरं येऊ लागली. लोक फोनवर माझंच कौतुक करतात. दादाच्या ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, तुम्ही कोणता डोंगर चढला होता? मी म्हटलं, इतक्या वर्षांनी नावं कुठे लक्षात राहतात. ते म्हणाले, किती हा विनय.

जिना आज नाही. हात दुखतोय.

११ एप्रिल

वसतिगृहात गेले होते. मुलींनी जुनी पांढरी चादर फाडून एक लांब पट्टा केलाय आणि प्रत्येकीनं त्यावर दोऱ्यानं आपापलं नाव भरलंय. चौदा नावं. एकीचं नाव टोकाला मावलं नाही, तर तिनं ते वळवून वर नेलंय. हे कापड शिखरावर उलगडायचं आणि तिथे फोटो काढायचा. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, या पोरींना कुणी गावाबाहेर नेत नाही हो, निदान नावं तरी वर जाऊ देत.

कापडाची गुंडाळी लाल लोकरीनं बांधून माझ्यासमोर ठेवली ती अकरा वर्षांच्या एका मुलीनं. तिच्या हातात सदा सुईदोरा, म्हणून सगळ्या तिला दोराच म्हणतात. तिची गाठ अजब आहे. एक टोक ओढलं की सुटते, पण पुन्हा तशी बांधायला कुणालाच येत नाही. बाकीच्या मुली म्हणाल्या, आम्ही दोन वर्षं बघतोय, शिकवतच नाही ही. दोरा म्हणाली, शिकवली तर माझी काय राहिली?

कापड बारकी घेणार होती. मी म्हटलं, जबाबदारीची वस्तू मोठ्यांकडे. तरुण पोरं मोबाईलसुद्धा हरवतात. दोरानं बारकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला दिलं.

२० एप्रिल, पहिला मुक्काम

पोहोचले. वाट म्हणजे जिनाच, फक्त कठडा नाही आणि मधे शेजारीण नाही. माझी पिशवी जड होती (गरम पाण्याची पिशवी, गुडघ्याचे पट्टे, दोन उशांचे अभ्रे, बिस्किटं), म्हणून पिशवीसाठी तट्टू केलं. पिशवी पडू नये म्हणून मी वर बसले.

बारकी वाटाड्याबरोबर चालत आली. घामानं भिजली होती, हसत होती. मुक्कामाच्या घराच्या मालकिणीला म्हणाली, ही माझी आत्या, हिच्यामुळे मी इथे आहे. मालकीण म्हणाली, हो, तट्टूवरून उतरताना पाहिलं.

२१ एप्रिल, सकाळी ९

बारकी पहाटे निघाली. आज दुसरा मुक्काम, उद्या उजाडताना शिखर. मी पुढे न जाण्याचं ठरवलं. खाली कुणीतरी जबाबदार माणूस असावं लागतं.

निघताना तिनं विचारलं होतं, आत्या, कापड? मी रजईतून म्हटलं, ठेवलंय.

दुपारी १

बाम शोधत होते. गुडघ्याच्या पट्ट्यांखाली लाल लोकर दिसली.

ठेवलेलं होतंच. कुठे, एवढाच प्रश्न आहे.

दुपारी १.३०

मालकिणीला सहज विचारावं तसं विचारलं. ती म्हणाली, दुसरा मुक्काम तीन तासांवर. आत्ता निघालात तर उजेडात पोहोचाल. तुमच्यानं होत नसेल तर द्या इकडे, तट्टूवाला नेऊन देईल, तो रोज जातो.

तट्टूवाला चांगला माणूस आहे. पण त्याच्या हातून कापड गेलं की बारकी विचारणार, हे आत्याकडे कसं राहिलं? मग वाटाड्या हसणार. शिवाय जबाबदारीची वस्तू परक्याच्या हाती देणं मला पटत नाही. स्वतःच जाईन. चहा घेऊन निघते.

दुपारी ३

चहा झाला. बूट घातले. डाव्या टाचेला फोड आलेला दिसला. म्हणजे येईल असा दिसला.

दुपारी ४

समोर धुकं. धुक्यात वृद्ध स्त्रीनं एकटीनं जाणं म्हणजे इतरांना संकटात टाकणं. मालकिणीला दाखवलं. ती म्हणाली, बाई, तो आमच्या चुलीचा धूर आहे.

तट्टूवाला दुसऱ्यांदा विचारून गेला. मी मान हलवली. तो वर निघून गेला. रिकामं तट्टू.

संध्याकाळी ६

आता उशीर झाला. आता कुणालाच काही करता येणार नाही. हे एकदा ठरल्यावर जरा बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

२२ एप्रिल, संध्याकाळी

बारकी उतरली. शिखरावर जाऊन आली. ओठ फुटलेत, नाक सोललंय. आल्या आल्या माझ्या गळ्यात पडून रडायला लागली.

म्हणाली, आत्या, तू माझ्या पिशवीत ठेवलेलं कापड माझ्याकडून हरवलं. वर गेल्यावर पिशवी अख्खी उलटी केली. दुसऱ्या मुक्कामाच्या अलीकडे मी पाणी काढायला पिशवी उघडली होती, तिथेच पडलं असणार. तू म्हणाली होतीस ना, पोरं वस्तू हरवतात.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, असू दे बाळा, होतं असं कधी कधी.

मी तिला माफ केलं. हे मी जसंच्या तसं लिहितेय.

फोटो दाखवला. मागे आभाळ, ही उभी, दोन्ही हात पसरलेले आणि मधे काही नाही. वाटाड्या म्हणाला, पोरीनं चौदाच्या चौदा नावं मोठ्यानं घेतली वर, एक विसरली नाही.

मालकिणीनं सगळं ऐकलं. माझ्यासमोर चहा ठेवला. त्यात साखर नव्हती.

२६ एप्रिल

बारकी वसतिगृहात जाऊन मुलींची माफी मागून आली. मी जाणार होते, पण डोकं धरलं होतं. वहिनी म्हणाली, पोरगी चार दिवस नीट जेवली नाही, सुट्टीत पुन्हा जाऊन वाटेवर शोधते म्हणतेय. देणग्या सगळ्या आल्या, चारही मुलींचे अर्ज गेले, तरी हिचं आपलं कापड कापड.

कापड माझ्या कपाटात आहे. खालच्या कप्प्यात, साखरेच्या वहीवर.

२ मे

मार्ग सापडला. कुणाचंच नुकसान नाही आणि मुलींना आनंद. बारकीला न सांगता वसतिगृहात गेले. मुली गोळा झाल्या. मी सांगितलं, एका भल्या गिर्यारोहकाला हे वाटेत सापडलं. त्यानं उचलून शिखरावर नेलं, उलगडलं, वाऱ्यावर धरलं, पुन्हा गुंडाळलं आणि पोस्टानं आमच्या पत्त्यावर पाठवलं.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. एक मोठी मुलगी रडली. बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, जगात देवमाणसं आहेत. मलाही क्षणभर तो गिर्यारोहक डोळ्यांपुढे दिसला. दाढी होती त्याला.

दोरा पुढे आली. कापड हातात घेतलं. लाल लोकरीवरून अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा. हळूच विचारलं, मावशी, त्यांना माझी गाठ येते?

तिनं बाकीच्यांकडे पाठ केली आणि त्यांना दिसायच्या आत टोक ओढून गाठ सोडली. मग कापड त्यांच्याकडे दिलं.

मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, मी नाही सांगणार. पण ताई रडत होती तेव्हा.

वाक्य तेवढंच होतं.

३ मे, सकाळी ७

आज बारकीला सांगायचं. चहाआधी.

सकाळी ११

चहानंतर.

दुपारी ४

सांगितलं. रजई, पट्टे, धूर, रिकामं तट्टू, दाढीवाला, सगळं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं खूप वेळ नखं पाहिली. मग विचारलं, आत्या, आणि ती शाळेची सहल?

हा प्रश्न चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

सांगितलं. मुली वर गेल्या तेव्हा मी पोट दुखतंय म्हणून बसमध्ये राहिले. दम्यामुळे एक म्हाताऱ्या सिस्टरही राहिल्या होत्या. सँडविचच्या टोपल्या राखायच्या होत्या. आम्ही दोघींनी चार खाल्ली. पोट दुखत नव्हतं हे त्यांना कळलं होतं, कारण तीन मी खाल्ली. त्या कुणाला बोलल्या नाहीत. वरून मुलींच्या हाका येत होत्या, त्या मी खिडकीतून ऐकल्या. घरी आले तेव्हा आईनं विचारलं, वर गेलीस? मी हो म्हटलं. इतकं सोपं होतं.

बारकी म्हणाली, मी साठ लोकांना लिहिलंय ते. पहिली ओळ तीच आहे.

मी म्हटलं, हो. माझ्याच अक्षरात.

तिनं टेबलावर कागदांचा गठ्ठा आणून ठेवला, पेन ठेवलं आणि वसतिगृहात गेली. जाताना म्हणाली, दोराला मी काय सांगू? मग स्वतःच म्हणाली, राहू दे, तिला ठाऊक असेल.

४ मे

तारीख घातली. मायना घातला. दुपारपर्यंत त्याखाली काही नव्हतं. चारदा उठले, दोनदा झाडांना पाणी घातलं.

पाच वाजता पहिली ओळ लिहिली: मी तो डोंगर कधीच चढले नव्हते, मी बसमध्ये बसले होते.

एक झालं. एकोणसाठ राहिली. अक्षर सुरेख आलंय, एकही रेघेखाली गेलेलं नाही. तेवढं मात्र शाळेत मी खरंच शिकले होते.