वरच्या वस्तीचा नळ

२ फेब्रुवारी
बारामतीहून स. ६.४० ची एसटी. कळसच्या अलीकडे उतरून वाडीपर्यंत दोन कि.मी. चालत. काम : वरच्या वस्तीला जाणारी पाण्याची शाखा कुठेतरी गळते, जागा शोधणे. दोन महिने तेवीस घरांच्या नळाला थेंब नाही, बायका खालून कळशीनं नेतात. सरपंचबाई म्हणाल्या, ग्रामसभा वीसला. तोवर गळती सापडली नाही तर शाखा कायमची बंद. तिच्यामुळे खालच्या गावाचाही दाब पडतो.

लाईनचा नकाशा मागितला. "नकाशा म्हंजी तात्या," म्हणाल्या.

तात्या : माजी सरपंच. वय अठ्ठ्याहत्तर. पंधरा वर्षं खुर्चीवर, ती सोडून दहा झाली. तरी रोज सकाळी सगळी लाईन चालतात. "आमचा बा मेंढरामागं फिरला, मी पायपामागं." लोखंडी टोकाची काठी. टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, दुसरं कानाला, म्हणजे गळती ऐकू येते म्हणे. गाव काठी सांगेल तिथेच खणतं.

तत्त्व बरोबर आहे. माझं गळती ऐकायचं यंत्रही तेच करतं.

५ फेब्रुवारी
ता. (तात्या) बोलतात, मी नकाशा काढते. जोड क्र. ९ : "सुमनचं बाळंतपण" (त्या दिवशी फुटला होता). क्र. १४ : "मामलेदार पडला ती जागा". अंतरं मोजून पाहिली. ता.च्या पावलांत आणि माझ्या टेपमध्ये शंभर मीटरला दीड मीटरचा फरक. टेप दोनदा तपासली.

वरच्या वस्तीत हिराबाईंनी तांब्या पुढे केला. मी प्याले. ता.नी हात जोडले. "नळाचं देशील तवा."
हिराबाई मला म्हणाल्या, "दोन महिनं झालं, ह्यो बाबा हितं घोट घेईना. लोक मला इचारत्यात, तुझं पाणी कडू हाय का."
"कडूच हाय. लांबनं आणतीस ना डोक्यावर."
परत येताना ऊन. वस्ती संपल्यावर ता.नी माझ्याकडे बाटली मागितली. एका दमात अर्धी.

९ फेब्रुवारी
तिसरा खड्डा. पुन्हा बबनरावांच्या उसाच्या बांधाला, याच आठवड्यातले आधीचे दोनही तिथेच आसपास. कोरडा.
बबनराव : "तात्या, आता नारळ तरी लावा. खड्डं फुकट जात्यात."
सगळे हसले. ता.ही हसले, पण उशिरा. आधी चेहरे पाहिले, मग हसले. लिहून ठेवते आहे, कशासाठी ते माहीत नाही.

१२ फेब्रुवारी
पहाटे ५.३०, शांततेत यंत्र लावलं. तीनदा. तिन्ही वेळा एकच जागा : ओढ्यापाशी, बबनरावांच्या बांधापासून १४० मी.
ता. : "वढ्यात काय न्हाय. मी रोज ऐकतो. बबनच्या बांधालाच घुमतंय."
सरपंचबाई : "तात्या म्हणत्याल तिथं. पण आता एकच खड्डा, तो बी सभेनं हो म्हणलं तर."
अहवाल लिहिला नाही. यंत्रही चुकतं. (तीनदा, एकाच जागी?)

१४ फेब्रुवारी
घुमतंय. हा शब्द डोक्यातून जात नव्हता.
गळती घुमत नाही. बारीक फुसफुसते. घुमते ती मोटर. बबनरावांच्या विहिरीची मोटर बांधाला लागून आहे, तिचा पाया आपल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पाइपाला टेकलेला. वही काढली. ता.नी तिथे खड्डा सांगितला त्या तिन्ही दिवशी, त्या वेळी थ्री फेज (शेतीच्या मोटरची लाईट) होती.
वयानं बारीक आवाज आधी जातात, जाड राहतात. ता.ना मोटर ऐकू येते. पाणी ऐकू येत नाही.
पंचवीस वर्षं कानावर गाव चालवलेल्या माणसाला हे कसं
उद्या बघू.

१७ फेब्रुवारी
तीन दिवस गेले. आज सांगितलं नाही, दाखवलं.
स. ९.५० ला त्यांना बांधावर नेलं. थ्री फेज दहाला जाते.
"ऐक," म्हणाले, "घुमतंय का न्हाय?" मी घड्याळ बघत होते. १०.०१ ला मोटर थांबली. ता. तसेच वाकलेले. काठी उचलून पुसली, पुन्हा लावली. दुसरा कान लावला. मग बांधावर बसले.
काठी आडवी ठेवून : "गळती लायटीवर चालती व्हय गं?"
"नाही तात्या."
"कवा कळलं तुला?"
"तीन दिवसांपूर्वी."
"मग तीन दिस काय करत हुतीस?"
त्यांनी फडक्यातली भाकरी काढली, अर्धी मला दिली. ठेचा तिखट होता. डोळ्यांत पाणी आलं त्याचं कारण तेच.

२० फेब्रुवारी
ग्रामसभा. शाखा बंद करण्याचा ठराव वाचून झाला, हात वर करायची वेळ आली, तेव्हा ता. उठले.
"तीन खड्डं माज्या कानानं चुकलं. वस्तीचा त्यात काय दोष? मला ऐकू येत न्हाय. दोन वर्सं झाली आसतील, मीच कुणाला सांगितलं न्हाय. एक खड्डा ह्या पोरीच्या जागंवर खांदा. न्हाय घावलं तर शाखा बंद करा. व्हॉल्व्ह मी सोता फिरवीन."
मग बबनराव : "मंजी तात्या, आमच्या तक्रारी बी ऐकल्याच न्हाईत का?"
"त्या न ऐकताच पंधरा वर्सं टिकलो."
या वेळी ता. सगळ्यांच्या आधी हसले.
एक खड्डा मंजूर. पाणी वस्तीत पोचलं तर ठराव रद्द.

२३ फेब्रुवारी
ओढ्यापाशी खणलं. सव्वा मीटरवर कोरडं. बबनराव स्वतः पहार घेऊन उतरले, म्हणाले, "नारळ ठिवलाय आणून." दीड मीटरवर ओली वाळू, मग पाइप, मग जोडाला बोटभर चीर. पाणी वर येतच नव्हतं, वाळूतून खाली जात होतं.
जोड बदलला. क्र. २२. ता. म्हणाले, ह्याला तुजं नाव द्यायचं. मी म्हटलं नकाशात आकडे पुरतात.
(नाव पेन्सिलीनं लिहिलं आहे. खोडता येतं.)

२५ फेब्रुवारी
हिराबाईंच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. व्हॉल्व्ह ९.१५ ला उघडला. चढ आणि अंतर धरून पाणी इथं पोचायला चाळीस मिनिटं. वर दुसरी चीर नसेल तर.
बारामतीत कानाच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली आहे. ता. : "आधी पाणी येऊ दे. आन् ग्रामसभेत समदंच ऐकू यायला लागलं तर कसं हुयाचं?" हो म्हणालेले नाहीत.
हिराबाईंनी तांब्या घासून नळाखाली उपडा ठेवला आहे. अर्धी वस्ती ओट्याभोवती.
९.४८. ता.नी काठीचं टोक नळाच्या पाइपाला लावलं, वाकले, थांबले. मग दुसरं टोक माझ्यापुढे धरलं. यंत्र पिशवीत होतं. ते काढलं नाही.
लाकूड गुळगुळीत, कानाच्या जागी खोलगट झालेलं. आधी काहीच नाही. मग फार लांबून, बारीक.
"काय म्हणतंय?"
"येतंय काहीतरी."
"पाणी का हवा?"
"अजून सांगता येत नाही."
"मग ऐकत ऱ्हा," म्हणाले आणि माझ्या शेजारी बसले.
९.५२. तांब्या अजून उपडा.