रस्ता उघडा होता

१९ जून, सकाळ (घड्याळावरून. बाहेर रात्रभर ऊनच होतं.)
मुक्काम : तुमचंच स्वयंपाकघर

प्रिय भाऊजी,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही खुशाल असाल. नसायला काय झालंय? बेटावर समुद्राची हवा, आयतं जेवण, आणि फोन लागत नाही म्हणायची सोय. आम्हीही खुशाल आहोत.

आठवतंय का, माझ्या लग्नाच्या वर्षी तुम्ही चौदाचे होतात आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसायचात. मी भाजी चिरत असायची. तुम्ही हात बाहेर काढून, डोळे मिटून, वैद्यानं नाडी बघावी तशी हवा बघायचात आणि म्हणायचात, "वहिनी, कपडे आत घ्या." बाहेर लख्ख ऊन. मी नवी नवरी, दिराचा शब्द कसा मोडायचा म्हणून पहिल्यांदा घेतले. पुढे अनुभवानं घ्यायला लागले. तुमचे दादा मात्र हसायचे. "आले मोठे हवामानवाले," म्हणून त्यांनी वर्कशॉपचे कपडे मुद्दाम दोरीवर राहू दिले आणि दुसऱ्या दिवशी ओल्या पँटनं डेपोत गेले. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, डेपोतला नळ फुटला. तो नळ आजपर्यंत दुरुस्त झालेला नाही.

आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, रागाच्या भरात पत्र लिहू नये, आणि लिहायचंच झालं तर अक्षर नीट काढावं. माझं अक्षर तुम्हाला दिसतंच आहे.

भाऊजी, वेधशाळेत तीस वर्षं नोकरी करून तुम्ही हवामानाबद्दल खोटं बोललात. दुसऱ्या कशाहीबद्दल बोलला असतात तर मी एक वेळ पोटात घातलं असतं. तब्येत बरी नाही म्हणायचं, रजा नाही म्हणायचं, घरात रंगकाम काढलंय म्हणायचं. लोक पाहुणे टाळतात, मला काही नवीन नाही. पण "घाटात बर्फ पडलाय, रस्ता बंद आहे, मागे फिरा" हे तुम्ही मला सांगितलंत. ज्या बाईनं तुमच्या एका शब्दावर भर उन्हात वाळत घातलेले कपडे काढले, तिला.

या प्रवासाचं किती वर्षं चाललं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमचे दादा आधी निवृत्त झाले, मग माझी शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी संपेपर्यंत थांबले, आणि थांबता थांबता इस्पितळानं लिलावात काढलेली ती जुनी रुग्णवाहिका आणून तिचं घर करत बसले. मागे पलंग, घडीचं टेबल, शेगडी, पडदे. सायरन काढला, वर पांढरा रंग दिला, तरी लाल अक्षरं खालून दिसतातच. वाटेत सगळे आम्हाला रस्ता देतात. एका थांब्यावर एक आजीबाई दंडावरची बाही सरकवून दारात उभ्या राहिल्या, ब्लडप्रेशर बघा म्हणाल्या. दादांनी गंभीरपणे त्यांचा हात धरला, घड्याळ बघितलं आणि सांगितलं, "इंजिन उत्तम आहे." आजीबाई खूश होऊन गेल्या. असं आमचं छान चाललं होतं.

घाटाच्या अलीकडच्या गावातून मी तुम्हाला फोन केला. आपला तो नेहमीचा फोन. दादा शेजारी बसून म्हणतात, "विचार त्याला, थंडी किती आहे." तुम्ही म्हणता, "दादाला सांगा, नेहमीइतकी." दोघांनाही एकमेकांचा आवाज स्वच्छ ऐकू येत असतो आणि मध्ये मी, खांबावरच्या तारेसारखी. अकरा वर्षं हे चाललंय. मला कधी कुणी विचारलं नाही की तार दमली का.

तर त्या फोनवर तुम्ही रस्ता बंद म्हणालात आणि आम्ही पेट्रोल पंपामागच्या आवारात गाडी उभी केली. आज उघडेल, उद्या उघडेल. आवार कसलं, एका बाजूला टायरांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला एक कुत्रं. आणि समोरून, भाऊजी, उत्तरेकडून ट्रक येत होते. मासळीचे, लाकडाचे. पंपावर थांबत होते, डिझेल भरून पुढे जात होते. मी दादांना म्हटलं, "अहो, हे ट्रक काय आभाळातून पडले?"

"तो म्हणाला ना बंद आहे. मग बंद आहे."

"चाकांकडे तरी बघा."

त्यांनी बघितलं. चाकांवर चिखल नव्हता, कोरडी धूळ होती. बसच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेल्या फोरमनला ते कळलं नसेल असं तुम्हाला वाटतं? कळलं. पहिल्याच दिवशी कळलं असणार. तरी आठवडाभर आम्ही तिथं बसलो. शेवटी दुधाच्या टँकरवाल्यानं माझ्याकडून चहा घेताना विचारलं, "मावशी, तुम्ही कशासाठी थांबलाय?" मी म्हटलं, रस्ता उघडायची वाट बघतोय. तो हसला नाही. मला वाटतं, त्याला माझी कीव आली. म्हणाला, "रस्ता एप्रिलपासून उघडा आहे."

मी तरातरा गाडीत गेले. तुमच्या नावानं काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. कॉन्व्हेंटात असले शब्द शिकवत नव्हते, ते मी नंतर तुमच्या दादांच्या डेपोत शिकले. दादा पायरीवर बसून एकच स्पार्क प्लग पुसत होते. खाली बघूनच म्हणाले, "मागच्या वेळी त्याचं ऐकलं नाही. या वेळी ऐकायचं ठरवलं होतं."

मागची वेळ म्हणजे कुठली, ते तुम्हाला सांगायला नको. अकरा वर्षांपूर्वी आई गेल्या त्या जानेवारीत तुम्ही म्हणालात, वादळ आहे, विमानं बंद आहेत, येता येत नाही. आणि हे म्हणाले, "आता हवामानाच्या आड लपतोय." मोठ्यानं म्हणाले. फोन माझ्या हातात होता, तुम्ही ऐकलंत. वादळ खरं होतं. ते दादांना महिन्याभरात कळलं होतं, त्यांनीच वर्तमानपत्र आणून माझ्यासमोर ठेवलं होतं. पण कबूल कोण करणार? नळ फुटला होता ना.

तेव्हा तुम्ही खरं बोललात आणि ह्यांनी ऐकलं नाही. आता तुम्ही खोटं बोललात आणि हे डोळ्यांनी ट्रक बघत बसून राहिले. दोघांच्या मध्ये मी पेट्रोल पंपावर कपडे धुतले. सांगा, मी कुणावर चिडू?

घाटात गाडी मी चढवली. हो, मी. हल्ली बरीचशी गाडी मीच चालवते. दादा मागे पलंगावर आडवे असतात आणि तिथून गिअर बदलायच्या सूचना करतात. इथं पोचलो तर दाराला कुलूप. शेजारच्या, शाळेची बस चालवणाऱ्या बाई धावत आल्या. म्हणाल्या, "रुग्णवाहिकेतून दोघं आली तर किल्ली द्या, असं सांगून गेलाय. बेटावरच्या हवामान केंद्रावर त्याची पाळी नव्हती, मागून घेतली." मी विचारलं, का? त्या हसायलाच लागल्या. "म्हणाला, मोठा भाऊ येतोय, ओरडेल. अहो, केस पिकलेत त्याचे."

आत येऊन बघते तर हीटर चालू. पलंगावर धुतलेल्या चादरी, दोन उशा, आणि पायाशी जादा रजई, कारण दादांचे पाय गार पडतात हे तुम्ही विसरला नाहीत. फ्रिज गच्च भरलेला. बाथरूममध्ये नवा टॉवेल, त्याची किमतीची चिठ्ठीही काढायची राहिलेली. पाहुण्यांना टाळणारे पुष्कळ पाहिले, पण अंथरूण घालून पळून जाणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. दादा त्या रजईवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. मग मला म्हणाले, "विचार त्याला, एवढ्या उशा कशाला." कुणाला विचारू? भिंतीला?

फोनवर मी तुम्हाला त्यांचे गुडघे दुखतात म्हटलं होतं. गुडघे नाहीत, भाऊजी. गुडघे ठणठणीत आहेत. तुमच्या दाराच्या तीन पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले, आणि दोन्ही वेळा कठडा तपासल्याचं नाटक केलं. निघण्याआधी डॉक्टरांना मी विचारलं, उत्तरेला नेऊ का? ते म्हणाले, "उन्हाळ्यात जाऊन या." मी विचारलं, पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर? त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

म्हणून आम्ही आलो. जगाचं टोक बघायला म्हणून लोकांना सांगितलं. टोक बघून झालं. दगड आहेत आणि वारा आहे.

आता वाटपाचं. आईंनी जपलेला आबांचा रेडिओ तुमच्या खिडकीत ठेवलाय. त्यावर कान लावून तुम्ही हवामानाच्या बातम्या ऐकायचात, तेव्हा तो तुमचाच. डावं बटण अर्धं फिरवून थांबा, पूर्ण फिरवलं तर खरखरतो. आईंची निळी शाल कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. शेवटच्या आठवड्यात ती त्यांच्या अंगावर होती, आणि "धाकट्याला द्या" हे त्यांनी मला सांगितलं होतं, दादांना नव्हे. मी विणलेले हातमोजे बसवाल्या बाईंना द्या. त्यांनी नाही म्हटलं तरी द्या, चालवताना त्यांचे हात उघडेच असतात. हत्यारांची पेटी तुम्हाला. दादांनी कालच एकेक पाना पुसून लावलाय, आणि खुर्चीत बसून तुमच्या मागच्या दाराची बिजागरी बसवली आहे. ते दार किती वर्षं कुरकुरत होतं? लाज वाटत नाही का? गाडी मला अजून लागेल. जेव्हा लागणार नाही तेव्हा तीही तुमचीच, पण परतीच्या घाटात शेजारी बसायला कुणी मिळालं तर मला हवं आहे. मी एकटी ती उतरवू शकेन, पण मागे आडव्या पडलेल्या माणसाकडे वळून बघत उतरवता येत नाही.

उद्या सामान घेऊन बोट बेटावर येते, तिच्याबरोबर हे पत्र. तीच संध्याकाळी परत फिरते. बसवाल्या बाईंनी बोटवाल्याला तुमच्यासाठी जागा राखायला सांगितलंय, आणि तुम्ही नकार दिलात तर उचलून आणायलाही. तो धिप्पाड आहे, मी पाहिलाय.

दादा अंगणात तुमच्या खुर्चीत बसलेत. ओरडणार नाहीत. ओरडायला दम लागतो. मी सकाळी धुतलेले कपडे समोर दोरीवर आहेत, वर आभाळ स्वच्छ आहे. आत्ताच त्यांनी मला हाक मारून सांगितलं, "विचार त्याला, कपडे आत घ्यायचे का?"

मी विचारणार नाही. तुम्ही येऊन सांगा. या वेळी ते ऐकतील.

निरोप पोचवण्याच्या कामातून आजपासून निवृत्त,
तुमची वहिनी