अण्णा हल्ली चिडत नाहीत

अक्का, तू गेलीस त्याच्या थोडं आधी मी कॉलेजात शिकवायला लागले होते. "आभाळाकडं बघून पोट भरतंय काय गं?" असं तू विचारायचीस आणि उत्तर न ऐकताच पोळ्या लाटायला घ्यायचीस. आज ऐकच. एकमेकांना अगदी खेटून फिरणाऱ्या दोन ताऱ्यांचा मी अभ्यास करते. त्यातल्या एकाचा वायू दुसऱ्याकडे ओढला जातो, म्हणून त्याला आम्ही दाता तारा म्हणतो. तो वायू दुसऱ्याभोवती चकतीसारखा साचत राहतो आणि एक दिवस भडकून उठतो. सगळे त्या भडक्याकडे बघतात. दाता बिचारा मंद, त्या उजेडात तो दिसतच नाही. भडका ओसरला की मी त्याला शोधायला बसते.

हे शिकवताना मला हुबळीचं आपलं कापडदुकान आठवतं. कुणी बाई साड्यांचा ढीग उलगडून, काहीच न घेता काढता पाय घेते. तेवढ्यात तू डबा घेऊन येतेस, आणि अण्णा तिच्यावर नाही, तुझ्यावर कडाडतात, "डबा आणायला एवढा वेळ? झोपली होतीस काय?" सगळी पेठ ऐकते. तू कानडीत "इरलि बिड्री", राहू द्या हो, म्हणतेस आणि खाली बसून साड्यांच्या घड्या घालायला लागतेस. मला तेव्हा अण्णांपेक्षा तुझाच राग यायचा; आपली आई अशी का, वाटायचं.

आता अण्णा नवनगरला माझ्याजवळ असतात. शेजारी म्हणतात, तुमचे वडील म्हातारपणी किती निवळले! निवळले कसले! दात्याकडून वायू येणं थांबलं की भडकेही थांबतात, एवढं मला कळतं. त्यांना चिडायला तू लागायचीस गं. परवा मी मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला. पूर्वी कप भिंतीवर गेला असता. त्यांनी तो निमूट प्यायला, कप स्वतः विसळला आणि म्हणाले, "छान झालाय, बाळ." मी न्हाणीत जाऊन रडले.

मला परदेशातल्या एका दुर्बिणीवर दोन वर्षांसाठी बोलावलंय, आणि मला फार जायचंय. धाकटा भाऊ अण्णांना त्याच्याकडे न्यायला तयार आहे. सगळं जमलंय, फक्त अण्णांना सांगायचं राहिलंय. रोज जेवताना तोंडाशी येतं आणि मी आमटी वाढते. हे तुला लिहितेय, ते कुठल्या टपालपेटीत टाकणार! तरी कुणाला तरी सांगायला हवं होतं. ते ओरडतील याची मला भीती नाही, अक्का. ते नुसतं "बरं" म्हणतील, याची आहे.