सिग्मा बदलत नाही

४ फेब्रु., धाकटी डहाणू
लाइट गेली, लॅपटॉपवर चाललेला सिम्युलेशनचा रन मेला. बॅटरी तर कधीचीच खलास. पुन्हा पहिल्यापासून. वैताग! हॉस्टेल सोडून घरी आले ते थीसिस शांतपणे संपवायला. आई अंगणात बोंबील वाळत घालतेय. "काय गो, केसापेक्षा बारीक नळीतनं हवा जाते का, एवढंच बघायचं ना?" जाते गं बाई. पण भिंतीशी थांबत नाही, थोडी घसरते. किती घसरते, तिथेच घोडं अडलंय.

७ फेब्रु.
दाब बदलला की प्रयोगाशी जुळवायला सिग्माही बदलावा लागतो. म्हणजे भिंतीवर आपटून आपला वेग विसरणाऱ्या रेणूंचं प्रमाणच बदलायचं. अरे पण भिंत तीच, वायू तोच! गाइड सरांना फोन केला. "बदलतोच. आपल्या पेपरमधला शोधच तो आहे. जुळव आणि पुढे हो." पेपरवर त्यांचं नाव, लॅबमधल्या सीनियरचं, शेवटी माझंही.

१० फेब्रु.
सापडलं!! सीनियरच्या कोडमध्ये रेणूंची मोकळी धाव, म्हणजे दोन टकरींमधलं अंतर, एकदाच काढलीय, नळीच्या तोंडाशी. तीच शेवटपर्यंत. माठ लेकाचे! पुढे दाब उतरतो, वायू विरळ होतो, धाव वाढते, घसरणही वाढते. ती तूट आम्ही सिग्मा बदलून भरत होतो. आणि मीही तोच कोड डोळे झाकून चालवत आले. चालतंय ना, मग हात लावू नकोस. आमच्या लॅबचा कुळाचार.

११ फेब्रु.
दुरुस्त करून चालवलं. सगळ्या दाबांना एकच सिग्मा. आलेख असा बसला की ओरडलेच. मग जुना पेपर उघडला. शोध नव्हताच तो, चूक होती. छापलेली.

१३ फेब्रु.
सरांचा फोन. "थीसिसमध्ये जुनेच आकडे ठेव. शुक्रवारी सबमिट कर, दुरुस्तीचं नंतर बघू."
"सर, माहीत असून?"
"मग माझी सही कुठून आणशील?"
फोन आपटला. म्हणजे त्यांनी ठेवल्यावर. संताप संताप. रडलेही. इकडे आईने आळीभर सांगून टाकलंय, पोरगी डॉक्टर होणार.

१४ फेब्रु.
थीसिसचं नव्या आकड्यांचं प्रकरण सरांना पाठवून दिलं. जुनं नाही. अजून उत्तर नाही.
आई बाजाराला निघाली होती, दारातून विचारलं, "शुक्रवारचे पेढे सांगून ठेवू ना गो?"
"सांग," म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.